दोनदा बांधलेले खुराडे : सिंधुदुर्गातील एका परसाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका किनारी गावातले आहे. घर खाडीच्या वरच्या अंगाला, समुद्रापासून दीडेक किलोमीटर आत असून पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्याला पूर्ण मोकळे आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही. मी या भागात पशुसंवर्धनाच्या कामात बरीच वर्षे काढली असल्यामुळे घरातल्या कर्त्या माणसाला दादा, त्यांच्या पत्नीला वहिनी आणि त्यांच्या आईला आजी म्हणण्याइतका घरोबा होता, आणि येथेही मी तीच संबोधने ठेवली आहेत.

दादा मुंबईतली नोकरी संपवून 2021 च्या सुरुवातीला गावी परतले. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या तौक्ते चक्रीवादळात गोठ्याच्या पडवीचे पत्रे उडून शेजारच्या आंब्याच्या कलमांत जाऊन पडले. मुख्य छपराची मंगलोरी कौले मात्र बरीचशी वाचली. गुरे आधीच विकलेली असल्याने गोठा पुन्हा उभा करण्याचे कारण उरले नव्हते. तो मोडून कौले, वासे आणि रिपा एका बाजूला रचून ठेवल्या होत्या आणि कोबा केलेले जोते तेवढे जागेवर होते. जानेवारी 2022 मध्ये वहिनींनी दहा-बारा कोंबड्या पाळण्याचा विचार बोलून दाखवला. धंदा करायचा नव्हता. अंडी घरची असावीत, उरलेसुरले वाया जाऊ नये आणि आजींच्या दिवसाला काहीतरी चाळा असावा, एवढाच हेतू होता.

आजींनी आयुष्यभर कोंबड्या राखल्या होत्या, पण खुराड्यात नव्हे. तिन्हीसांजेला कोंबड्या मागच्या पडवीत येत, त्यांच्यावर बांबूचे डालगे उपडे घातले जाई, डालग्यावर चिऱ्याचा तुकडा ठेवला जाई आणि उजाडले की डालगे उचलले जाई. चार-सहा कोंबड्यांना ही पद्धत आजही उत्तम आहे. बारा कोंबड्यांसाठी मात्र तीन डालगी, रोजची विष्ठा आणि घरात शिरणाऱ्या कोंबड्यांच्या उवा हे सारे पडवीत सांभाळावे लागते, म्हणून वेगळे खुराडे बांधायचे ठरले.

जागेचा निर्णय

तीन जागा समोर होत्या. पहिली वाडीतल्या माडांखालची. सावली चांगली, जमीन मोकळी. पण माडाखाली कौलारू छप्पर घालणे म्हणजे पडणाऱ्या नारळाची आणि सुक्या झावळीची वाट पाहणे आहे. ती जागा दादांनी स्वतःच बाद केली. दुसरी स्वयंपाकघराच्या मागे, घराच्या पूर्वेला होती. तेथे घराचाच आडोसा मिळत होता, परंतु जागा अरुंद होती आणि वास घरात येईल अशी वहिनींना धास्ती होती. तिसरी जागा जुन्या गोठ्याच्या जोत्याची. घरापासून साठ-सत्तर फूट दूर, तयार कोबा, शेजारीच रचलेली कौले आणि वासे. खर्च सर्वांत कमी तेथेच येणार होता, म्हणून तीच निवडली गेली.

या जागेत तीन दोष होते आणि त्यांपैकी एकच आम्ही त्या वेळी बोलून दाखवला. विहीर जोत्यापासून जेमतेम पंचवीस फुटांवर होती. जांभ्याची जमीन सच्छिद्र असते, वरचे पाणी तिच्यातून भराभर खाली उतरते, त्यामुळे कोंबड्यांची विष्ठा विहिरीच्या इतक्या जवळ साचू देऊ नये, हे मी दादांना सांगितले; त्यावर विष्ठा रोज उचलण्याचे ठरले. दुसरा दोष वाऱ्याचा. जोत्याच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला काहीच आडोसा नव्हता. जानेवारीच्या कोरड्या उन्हात ते कोणाच्या डोळ्यांपुढे आले नाही, माझ्याही नाही, आणि याची मला आजही चुटपुट लागते. तिसरा दोष कागदावरचा होता. गोठ्याची जमीन सातबाऱ्यावर चुलतभावाबरोबर सामाईक होती. तो मुंबईला असतो, गणपतीला येतो. गोठा पूर्वापार याच घराकडे असल्याने त्याला विचारावे असे कोणालाही वाटले नाही.

पहिले खुराडे

एप्रिल 2022 मध्ये आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद असे खुराडे उभे राहिले. कोपऱ्यांना आकेशियाचे चार खांब, चारही बाजूंना जमिनीपासून छपरापर्यंत षटकोनी भोकांची बारीक कोंबडी जाळी, वर जुने वासे आणि कौले, खाली जुना कोबा आणि त्यावर दोन इंच भाताचा तूस. दार लाकडी चौकटीचे, त्याला साधी कडी. जाळी यू-खिळ्यांनी ठोकली होती. सुताराची मजुरी धरून 11,400 रुपये खर्च आला.

आकाराच्या बाबतीत ही बांधणी चुकलेली नव्हती. रात्री निवाऱ्याला एका कोंबडीमागे दीड ते दोन चौरस फूट जागा पुरते, येथे त्याहून अधिक होती. बसायला आडव्या काठ्या होत्या, अंड्यांसाठी तीन खोकी होती. चूक जाळीच्या समजुतीत होती. षटकोनी कोंबडी जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी असते. बाहेरच्या जनावराला अडवण्याची ताकद तिच्या तारेत नसते. ही दोन वेगवेगळी कामे आहेत आणि दुकानात एकाच नावाने मिळणारी जाळी दोन्ही करील असे धरून चालणे फार सोपे असते. शिवाय या जाळीवरचा जस्ताचा थर पातळ असतो. खाऱ्या वाऱ्यात पहिल्या पावसाआधीच पश्चिमेकडच्या जाळीच्या पिळांवर तांबूस ठिपके दिसू लागले होते.

पक्षी निवडताना बराच विचार झाला. गावठी कोंबडी चपळ, सावध, उत्तम खुडूक बसणारी. पण वर्षाला साधारण साठ ते ऐंशीच अंडी देणारी. वहिनींना अंडी हवी होती, म्हणून हैदराबादच्या संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या ग्रामप्रिया जातीच्या सहा आठवडे वयाच्या बारा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या आणि जोडीला गावातलाच एक गावठी कोंबडा घेतला. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस त्यांना आधी दिलेली होती. देवीची लस आणि मानमोडीची पुढची मात्रा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पावसाळ्यापूर्वी देऊन घेतली. देवीचा रोग डासांमार्फतही पसरतो, त्यामुळे किनाऱ्यावर ही लस पावसाआधी होणे मी फार महत्त्वाचे मानतो.

पहिला पाऊस

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने जोर धरला. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यातही बराचसा तिरका. कौलांची वळचण जेमतेम नऊ इंच पुढे आलेली होती. नैर्ऋत्येची झड जाळीतून थेट आत येऊन पहिल्या दोन दिवसांत अर्धा तूस भिजवून गेली.

यावर घरच्यांनी दोन उपाय केले आणि दोन्हींनी परिस्थिती बिघडली. वहिनी रोज सकाळी भिजलेल्या तुसावर कोरडा तूस पसरू लागल्या. वरून सारे कोरडे दिसे, पण खालचा ओलावा झाकला जाऊन तेथेच कुजू लागला. दादांनी बाजारातून ताडपत्री आणून चारही बाजूंनी गच्च बांधली. पाऊस अडला खरा, पण वारा आणि कोंबड्यांच्या श्वासाची वाफही आत अडली. आठवड्याने मी गेलो तेव्हा दारात उभे राहून फारसा वास येत नव्हता. कोंबडीच्या उंचीवर, उकिडवा बसलो तेव्हा डोळे चुरचुरले. तुसाची मूठ भरून आवळली तर तिचा लाडू झाला आणि मूठ उघडल्यावरही तो फुटला नाही. कोरडा तूस मुठीतून सांडला पाहिजे.

त्याच दिवशी एका तलंगेच्या विष्ठेत रक्त दिसले. रक्ती हगवण सहसा लहान वयात दिसते, पण ज्या पक्ष्यांचा तिच्याशी आधी संबंध आलेला नाही त्यांना मोठेपणीही होते. या रोगाच्या जंतूंची विष्ठेतून पडणारी बीजे ऊब आणि ओल मिळाली तर एक-दोन दिवसांत लागण करण्यायोग्य होतात. कोरड्या जागी त्यांची वाढ खुंटते. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पाण्यातून अँप्रोलियम हे औषध सुरू केले, सगळा तूस काढून कोबा धुऊन पुसून वाळवला आणि ताडपत्री वरच्या बाजूने एक फूट खाली सोडली. दोन आजारी तलंगांपैकी एक वाचली, एक गेली. औषधाबरोबर जमीन कोरडी झाली नसती तर आठवड्याभरात तोच रोग परत आला असता, हे मी वहिनींना मुद्दाम समजावून सांगितले, कारण पुढच्या साऱ्या बांधणीचा विचार याच मुद्द्यावरून होणार होता.

जुलैमधली रात्र

जुलैच्या अखेरीस, पहिले अंडे मिळून जेमतेम आठवडा झाला असताना, एका सकाळी चार कोंबड्या खुराड्यात मरून पडलेल्या आढळल्या. चौघींच्या मानेवर चावे होते. तीन जागच्या जागी होत्या, एक जाळीपर्यंत ओढत नेलेली होती. रात्रभर पाऊस होता, घर साठ-सत्तर फुटांवर, त्यामुळे कोणालाही आवाज आला नव्हता. वहिनींनी त्या कोंबड्या स्वतः पुरल्या आणि त्या दिवशी त्या फारसे बोलल्या नाहीत.

वाडीत सर्वांनी मुंगसावर बोट ठेवले. मला ते पटले नाही. आपल्याकडचे मुंगूस मुख्यतः दिवसा फिरते; रात्री दोनच्या पावसात चार कोंबड्या मारणे त्याच्या रीतीला धरून नाही. जोत्याच्या कडेला फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा पडली होती आणि आढ्याजवळची दोन कौले सरकलेली होती. रात्री छपरांवरून, माडांवरून हिंडणारे आणि फळे आवडीने खाणारे जनावर म्हणजे कांडेचोर (उदमांजर). रानमांजराची शक्यता मी पूर्ण सोडत नाही, पण खुणा कांडेचोराकडे बोट दाखवत होत्या. जाळीला तळाशी कोठेही भोक नव्हते. आम्ही सर्वांनी जमिनीकडे लक्ष ठेवले होते आणि जनावर छपरातून आले होते.

तरीही अंदाजावर विसंबून दुसरा खर्च करणे मला योग्य वाटले नाही. त्याच रात्री आम्ही रिकाम्या खुराड्याला बाहेरून गोणपाट लावून जाळीचे भाग झाकले, आत एक मोठा टॉर्च लावून ठेवला आणि अंगणातले दिवे बंद करून बाहेरून फेरी मारली. जाळी झाकलेली असताना जेथून उजेड बाहेर येतो तेथून जनावर आत येऊ शकते. वळचणीला, वासे आणि आडव्या लाकडाच्या मधल्या प्रत्येक गाळ्यातून उजेडाचा पट्टा बाहेर पडत होता. दाराच्या खालच्या फटीतून एक पट्टा. सरकलेल्या कौलांतून दोन. दिवसा याच जागा आम्ही सर्वांनी पाहिल्या होत्या आणि त्या कोणालाही दिसल्या नव्हत्या. आजी पडवीच्या पायरीवर बसून हे पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "दिवसाक कोणय राखीत, रातीक कोण राखतलो?" पुढचा सारा निर्णय या प्रश्नाभोवती फिरला.

समोर असलेले पर्याय

सर्वांत आधी आलेला पर्याय विषाचा होता. शेजारच्या एका गृहस्थाने मेलेल्या कोंबडीत औषध घालून ठेवण्याचे सुचवले. दादांनी ते ऐकून घेतले, पण केले नाही, आणि त्यांनी ते केले नाही याचे मला समाधान आहे. कांडेचोर काय किंवा मुंगूस काय, दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि विष ज्याच्यासाठी ठेवले त्यालाच लागेल असे कधीच नसते. वाडीतली कुत्री, मांजरे, घुबडे सारीच त्याच्या वाटेत असतात. शिवाय एक जनावर गेले तर त्याच्या जागी दुसरे येते आणि सरकणारे कौल तसेच राहते.

दुसरा पर्याय पाळणेच सोडण्याचा. उरलेल्या सात कोंबड्या विकून टाकाव्यात असे दादा दोन दिवस म्हणत होते. वहिनींनी नकार दिला. या नकाराला हिशेब नव्हता, आणि प्रत्येक निर्णयाला तो असलाच पाहिजे असेही नाही.

तिसरा पर्याय तयार लोखंडी पिंजऱ्याचा. तो एका दिवसात घरी आला असता, पण बारा पक्ष्यांना पुरेल एवढ्या पिंजऱ्याची किंमत दुसऱ्या बांधणीच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त होती, आणि किनाऱ्यावर रंगवलेले पातळ लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत कुठल्या अवस्थेला येते हे घरातल्या खिडक्यांचे गज सांगत होतेच.

खरी चर्चा उरलेल्या दोन पर्यायांवर झाली. आहे त्याच खुराड्याला मजबूत जाळी आणि रुंद वळचण द्यायची, की सगळे उचलून घराच्या पूर्वेला नव्याने बांधायचे? दुरुस्ती निम्म्या खर्चात झाली असती. पण दुरुस्तीने वाऱ्याची दिशा बदलणार नव्हती, विहीर दूर जाणार नव्हती आणि खुराडे घराच्या कानाच्या टप्प्यात येणार नव्हते. निर्णय दोन-तीन आठवडे लांबला. तोवर आठही पक्षी आजींच्या जुन्या पद्धतीने पडवीत, दोन डालग्यांखाली राहिले आणि एकही दगावला नाही.

31 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. घरात तीसेक माणसे, आणि पडवीत कोंबड्यांचा वास. चुलतभाऊ आला तेव्हा त्याने सामाईक जोत्यावरचे रिकामे खुराडे पाहिले आणि आपल्याला न विचारता बांधकाम केल्याबद्दल नाराजी बोलून दाखवली. तो भांडला नाही, पण गणपतीसमोर बसून बोललेली गोष्ट मनाला जास्त लागते. दादांनी त्याच दिवशी जोते मोकळे करण्याचा शब्द दिला, आणि दुरुस्तीचा पर्याय तेथेच संपला.

दुसरी बांधणी

काम नोव्हेंबर 2022 मध्ये, भात झोडून झाल्यावर हाती घेतले. जागा स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून पंधरा फुटांवर, विहिरीपासून सत्तर फूट दूर, पश्चिमेला घराची पूर्ण भिंत. आकार सहा फूट बाय चार फूट ठेवला. आणखी चार तलंगा आणून कोंबड्यांची संख्या अकरा करायची आणि त्यापुढे जायचे नाही असे वहिनींनी ठरवले होते.

पहिला बदल जमिनीचा. खुराडे जमिनीवरून अडीच फूट उचलले. चिऱ्यांचे सहा खांब सिमेंटशिवाय रचले, जेणेकरून पुढे कधी जागा बदलावी लागली तर ते उकलता येतील. सामाईक जमिनीच्या अनुभवानंतर दादांना पक्के काही नको होते. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर, लाकूड टेकते तेथे, कडा खाली वळवलेला पत्र्याचा तुकडा बसवला. वाळवी या कडेवरून सहसा वर जात नाही आणि गेलीच तर तिची मातीची वाट पत्र्यावर उघडी दिसते. उंदरालाही ती कड ओलांडणे अवघड जाते.

तळाचा प्रश्न बराच वेळ अडला. फळ्यांचा बंद तळ आणि त्यावर तूस, की फटींचा तळ? मी फटींच्या बाजूचा होतो, कारण कोकणात तूस चार महिने कोरडा ठेवणे हे रोजचे युद्ध असते. वाडीतल्या जुन्या पोफळी तोडलेल्या होत्या. त्यांच्या रिपा काढून, कडा तासून, दोन रिपांमध्ये करंगळी जाईल एवढी फट ठेवून तळ केला. विष्ठा फटीतून खाली पडते, खाली पसरलेला पातेरा (वाळका पालापाचोळा) ती झेलतो आणि दर आठवड्याला तो पातेरा कुजवण्याच्या खड्ड्यात जातो. ताजी विष्ठा झाडाला थेट घातली तर मुळे भाजतात, म्हणून तीन-चार महिने कुजवूनच ती माडांना घालतात.

लाकडाला काय लावायचे यावर दादांचा आणि सुताराचा मतभेद झाला. सुताराला जळके इंजिन ऑइल लावायचे होते. सगळीकडे तेच लावतात आणि वाळवीवर ते चालतेही. पण कोंबड्या लाकडाला चोच मारतात आणि रात्रभर त्याच हवेत श्वास घेतात. शेवटी बाहेरच्या खांबांना आणि तळाच्या चौकटीला काजूच्या टरफलांचे तेल लावले, हातमोजे घालूनच, कारण ते कातडीला लागले तर फोड येतात, आणि महिनाभर वाळू दिले. आतल्या काठ्यांना आणि रिपांना काहीच लावले नाही.

भिंती खाली दीड फूट फळ्यांच्या, वर अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्ड केलेली तारेची जाळी. पश्चिमेची बाजू पूर्ण बंद. वळचण चारही बाजूंनी दोन फूट बाहेर काढली, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात आणि वरची जाळी भर पावसातही उघडी ठेवता येते. जाळी यू-खिळ्यांऐवजी रुंद वायसर आणि स्क्रूने, दर चार इंचांवर बसवली. यू-खिळा ओल्या लाकडातून हळूहळू सुटतो. वायसरखाली दाबलेली जाळी उपटायला हत्यार लागते.

छपरासाठी पत्रे स्वस्त पडत होते आणि जनावराच्या दृष्टीने अधिक सुरक्षितही होते. तरी तौक्तेची आठवण ताजी होती, पत्रा उन्हात तापतो आणि पावसात त्याचा आवाज एवढा होतो की आतला गोंधळ घरात ऐकू येणार नाही. जुनी कौलेच घातली, पण या वेळी वाशांच्या खालून सबंध छपराला वेल्डमेश लावली. कौल सरकले तरी खाली जाळी आहे. ती जाळी भिंतीच्या जाळीवर तीन इंच चढवून शिवल्यासारखी तारेने बांधली, कारण पहिल्या खुराड्यातला उजेड याच सांध्यातून बाहेर आला होता. दाराला दोन कड्या, वरची आणि खालची, आणि प्रत्येकीत अडकवायचा आकडा. काम पूर्ण झाल्यावर पुन्हा गोणपाट आणि टॉर्च लावून फेरी मारली. अंड्यांच्या खोक्याच्या झाकणाशी एक बारीक रेघ दिसली, ती त्याच रात्री लाकडाची पट्टी ठोकून बंद केली. या बांधणीचा खर्च 13,200 रुपये झाला, त्यातला निम्म्याच्या आसपास जाळीचा.

परिणाम

2023 आणि 2024 हे दोन पूर्ण पावसाळे या खुराड्याने पाहिले. रात्री एकही पक्षी गेलेला नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री छपरावर कौल वाजले, कोंबड्यांनी कालवा केला आणि दादा मागच्या दाराने बाहेर आले तेव्हा एक कांडेचोर माडावर चढत होता. आढ्याजवळचे कौल सरकलेले होते. खालची जाळी जशीच्या तशी होती.

रक्ती हगवण परत आली नाही. वहिनींच्या वहीप्रमाणे हिवाळ्यात अकरा कोंबड्यांची दिवसाला सहा-सात अंडी मिळतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन. ढगाळ दिवसांत उजेड कमी पडला आणि पिसे गळायची वेळ आली की अंडी घटणारच. दिवा लावून ती वाढवण्याचे वहिनींनी नाकारले आणि मला ते योग्य वाटते. आजी तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, कवचे भाजून, कुटून रोज मूठभर टाकतात, त्यामुळे अंड्याचे कवच टणक असते.

काही गोष्टी या वेळीही चुकल्या. अंडी बाहेरून काढता यावीत म्हणून खोक्यांना ठेवलेल्या झाकणाच्या बिजागरीतून पहिल्याच पावसात पाणी आत झिरपले. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बिजागरीवर ठोकल्यावर ते थांबले. दिवसा मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांपैकी एक मुंगसाने भर दुपारी नेली. त्यानंतर खुराड्यापुढे दहा फूट बाय आठ फुटांचे कुंपण केले आणि त्यावर व बाजूंना मच्छीमारांकडून आणलेले जुने नायलॉनचे जाळे लावले. दोनच महिन्यांत त्या जाळ्याच्या जमिनीलगतच्या भागात एक लांब धामण अडकली. दादा आणि शेजारच्या मुलाने कात्रीने एकेक धागा कापून तिला सोडवले, पण तिच्या अंगात धागे खोलवर रुतले होते आणि ती जगली की नाही हे कळले नाही. उंदीर खाणारे हे जनावर परसाला उपकारक असते, आणि मला त्या दिवशी फार वाईट वाटले. आता जमिनीपासून दोन फुटांपर्यंत वेल्डमेश आहे, तिची खालची कड फूटभर बाहेर वळवून मातीखाली दाबली आहे, आणि नायलॉनचे जाळे फक्त त्याच्या वर आहे.

पुन्हा करायचे झाले तर

दोन्ही बांधण्या मिळून 24,600 रुपये लागले, आणि त्यातला बराचसा पहिला खर्च वाचवता आला असता. खुराड्याची जागा मी आज कोरड्या दिवसांत ठरवू देणार नाही. निदान मागच्या पावसात त्या जागेवर झड कोठून आली होती, पाणी कोठे साचले होते, हे घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारीन. आजींना आम्ही ते विचारलेच नाही. एप्रिलमध्ये बांधून झालेल्या खुराड्यावर नळीने तिरके पाणी मारून पाहिले असते तरी वळचण अपुरी आहे हे दहा मिनिटांत समजले असते.

वासाच्या भीतीने घरापासून दूर जाण्याचा निर्णय वहिनींचा होता आणि त्यात गैर काही नव्हते, पण वास हा ओलाव्याचा परिणाम आहे, अंतराचा नव्हे. पंधरा फुटांवरचे आजचे खुराडे स्वयंपाकघरात जाणवत नाही. सामाईक जागेचा प्रश्न एका फोनवर सुटला असता, आणि चुलतभावाने बहुधा हरकतही घेतली नसती.

बारा तलंगा एकदम आणण्याऐवजी पहिल्या पावसाळ्यात पाच-सहाच ठेवायला हव्या होत्या, असे मला अजूनही वाटते. दादांना ते पटत नाही. खुराडे नीट असते तर बाराही राहिल्या असत्या, असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. मात्र नवीन बांधणीतले दोष पहिला पावसाळाच दाखवतो, आणि ते दाखवताना पाच कोंबड्या पणाला लागल्या की बारा, यात फरक पडतो.

वेल्डमेशच्या दक्षिणेकडच्या बाजूला, घराची भिंत संपून वारा वळतो त्या कोपऱ्यात, दुसऱ्या पावसाळ्यानंतर गंज दिसू लागला आहे. वेल्डिंगच्या सांध्यांपाशी तो जास्त आहे. नखाने खरवडला तर पूड पडते, पण तार अजून वाकत नाही. तेवढ्या भागासाठी दादांनी प्लास्टिकचे आवरण असलेली जाळी आणून ठेवली आहे. मृग लागण्यापूर्वी ती बसवायची आहे, आणि त्या रात्री गोणपाट लावून टॉर्चची फेरीही घ्यायची आहे.